निटिनॉलच्या तारेवर ६० अंश फिरणारा दांडा: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

निटिनॉलची तार तापवली की आखडते, हे ऐकून बहुतेक जण बॅटरी आणि तार घेऊन बसतात. तार तापते, दांडा फिरतो. मग वीज बंद केली की दांडा आहे तिथेच राहतो, तार काही परत लांब होत नाही. याचं कारण साधं आहे: ही तार गार झाल्यावर आपणहून लांब होत नाही. गार झाली की ती मऊ पडते, एवढंच. त्या मऊ अवस्थेत तिला कोणीतरी ओढून पुन्हा लांब करावं लागतं. म्हणून अशा यंत्रणेचं डिझाइन तापण्यापासून न करता परतण्यापासून करावं. इथली सगळी आकडेमोड त्याच क्रमाने आहे.

आपण काय बनवणार आहोत ते आधी ठरवू. ३ मिमीचा एक शाफ्ट (हाच आपला दांडा), ६० अंश फिरणारा. जाताना उपयोगी टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, सुमारे ५ न्यूटन-मिमी, जायला १ सेकंद, परतायला २ ते ३ सेकंद. सगळं मिळून आकार साधारण ८० × २५ × १५ मिमी. एखादी छोटी झडप, हवा अडवणारा पडदा, खिट्टी किंवा कॅमेऱ्यासमोरचं झाकण हलवायला हे पुरतं.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. बाजारात मिळणारा ९ ग्रॅमचा सर्व्हो याच्या तीसपट टॉर्क देतो आणि कमी वीज खातो. आपल्या तारेची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का आहे: एका फेरीला सव्वा ज्यूल वीज द्यायची आणि १३ मिलिज्यूल काम घ्यायचं. मग हा खटाटोप कशासाठी? आवाज नाही, गिअर नाहीत, चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाही, आणि काम करणाऱ्या तारेचं वजन अवघं १५ मिलिग्रॅम. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर रोव्हरवर धूळ किती साचते ते मोजण्याचा एक प्रयोग होता. त्यात सौरघटावरची काच बाजूला फिरवायला निटिनॉलचीच तार वापरली होती. लहान, हलकं, कधीतरीच फिरवायचं आणि बिघडायला भाग कमी, अशा कामासाठी ही तार योग्य. मिनिटाला साठ वेळा फिरवायचं असेल तर इथेच थांबा आणि मोटर घ्या.

तार निवडताना

निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ सम प्रमाणात. नावातली शेवटची अक्षरं अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची, जिथे हा मिश्रधातू सापडला. पण 'निटिनॉल' म्हणून मिळणारी प्रत्येक तार आपल्या कामाची नसते. दातांच्या तारा, वाकवल्या तरी पुन्हा सरळ होणाऱ्या चष्म्याच्या फ्रेम, मासेमारीच्या तारा या सुपरइलास्टिक जातीच्या असतात. त्या खोलीच्या किंवा शरीराच्या तापमानालाच 'तापलेल्या' अवस्थेत असतात, त्यामुळे वीज देऊन त्यांच्यात काही फरक पडत नाही. ओळखायची खूण: तुकडा हाताने वाकवा. सोडल्यावर लगेच सरळ झाला तर ती सुपरइलास्टिक. वाकलेलाच राहिला आणि उकळत्या पाण्यात टाकल्यावर सरळ झाला, तर ती आपली.

विकत घेताना 'ॲक्चुएटर वायर', आधीच प्रशिक्षित केलेली (म्हणजे तापल्यावर आखडायची सवय लावलेली), अशी मागा. फ्लेक्सिनॉल हे त्यातलं सर्वात परिचित नाव. ती ७० अंशांची आणि ९० अंशांची अशा दोन प्रकारांत येते. ९० अंशांच्या तारेचे ठोकळ आकडे असे:

०.१० मिमी: रोध १२६ ओहम प्रति मीटर, ओढ १४३ ग्रॅम, गार असताना ताणायला ५७ ग्रॅम, प्रवाह २०० मिलिॲम्पिअर, गार व्हायला ०.९ सेकंद.

०.१५ मिमी: ५५ ओहम, ३२१ ग्रॅम, १२८ ग्रॅम, ४१० मिलिॲम्पिअर, १.७ सेकंद.

०.२० मिमी: २९ ओहम, ५७० ग्रॅम, २२८ ग्रॅम, ६६० मिलिॲम्पिअर, २.७ सेकंद.

०.२५ मिमी: १८.५ ओहम, ८९१ ग्रॅम, ३५६ ग्रॅम, १०५० मिलिॲम्पिअर, ४.५ सेकंद.

प्रवाहाचा आकडा स्थिर हवेत साधारण एका सेकंदात आखडण्यासाठीचा आहे. जाडी दुप्पट केली की ओढ चौपट होते, पण गार होण्याचा वेळही भरमसाट वाढतो. म्हणून जास्त ताकद हवी असेल तर जाड तारेऐवजी बारीक तारा शेजारी-शेजारी लावाव्यात. ०.१० च्या दोन तारा मिळून ०.१५ च्या एका तारेच्या जवळपास ओढतात आणि जवळजवळ निम्म्या वेळात गार होतात. अडचण एकच, दोन्हींवर ताण सारखा राहायला हवा. पहिल्या प्रयोगात त्या भानगडीत पडू नका. एकच ०.१५ ची घ्या.

आता ७० की ९०? ७० अंशांची तार ६८ ते ७८ अंशांमध्ये आखडते आणि परतताना ५२ ते ४२ मध्ये मऊ होते. ९० ची ८८ ते ९८ मध्ये आखडते, ७२ ते ६२ मध्ये मऊ होते. शेवटचे आकडे नीट बघा. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. ७० ची तार तिथे पुरती मऊ होणारच नाही, कारण तिला ४२ च्या खाली जावं लागतं. बंद डबीत तर आणखी दहा अंश धरा. त्यामुळे आपल्याकडे डोळे झाकून ९० ची घ्यावी. तीसुद्धा २५ अंशांच्या खोलीत जितक्या वेळात गार होते, त्याच्या दीडपटीहून जास्त वेळ ४५ अंशांत घेते. बंगळुरूच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत पास झालेली यंत्रणा विदर्भात उन्हाळ्यात अडकते ती यामुळेच.

लांबी आणि त्रिज्या

तार ४ टक्क्यांहून जास्तही आखडू शकते, पण रोजच्या कामासाठी ३ ते ३.५ टक्के धरा. आयुष्य त्यावर ठरतं.

शाफ्टवर एक ड्रम बसवायचा, तार त्याला ओढून शाफ्ट फिरवते. ड्रमची त्रिज्या ४ मिमी घेऊ. ६० अंश म्हणजे १.०४७ रेडियन, म्हणजे ड्रमच्या कडेवर ४.२ मिमी सरकायला हवं. ३.५ टक्क्यांनी भागलं तर तार १२० मिमी लागते. ती १३० घ्या, म्हणजे खरं आखडणं ३.२ टक्के राहतं. हे जादा १० मिमी कशाला, ते पुढे कप्पीपाशी कळेल.

त्रिज्या लहान केली की अंश वाढतात आणि टॉर्क घटतो, मोठी केली की उलट. या दोघांचा गुणाकार तारेच्या आकारमानाने बांधलेला आहे. कितीही युक्त्या केल्या तरी १३० मिमी तारेतून तेवढंच काम निघणार.

एक मात्र करू नका: तारच ४ मिमीच्या ड्रमवर गुंडाळू नका. तार वाकवली की तिच्या बाहेरच्या अंगावर ताण येतो. तो साधारण तारेची जाडी भागिले ड्रमचा व्यास इतका असतो. ८ मिमी व्यासावर ०.१५ ची तार म्हणजे जवळजवळ २ टक्के. आपण ३.२ टक्के ओढीला दिलेत, त्यात हे २ टक्के जाऊन बसतात आणि तार तिथेच तुटते. वाकण्याची त्रिज्या तारेच्या जाडीच्या ५० पट, म्हणजे आपल्याला ७.५ मिमी, ही खालची मर्यादा माना. ड्रमवर त्याऐवजी ॲरामिडचा दोरा गुंडाळा (केव्हलार नावाने मिळतो) आणि तार सरळच ठेवून त्या दोऱ्याला जोडा. मासेमारीचा पॉलिएथिलिनचा दोरा ताकदीला चांगला असला तरी गरम लगजवळ (लग म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायची, छिद्र असलेली धातूची जोडणी) तो हळूहळू लांबत जातो.

स्प्रिंग: खरं डिझाइन इथे आहे

गार तारेला ताणायला १२८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.२६ न्यूटन लागतात. स्प्रिंगने तारेवर प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर किमान एवढं बल द्यायलाच हवं. दुसरीकडे, तार तापल्यावर ३.१ न्यूटन ओढते, आणि त्यातून स्प्रिंगचं बल वजा होऊन जे उरतं तेच आपल्या कामाचं. म्हणजे स्प्रिंग सैल असेल तर दांडा परतत नाही, आणि कडक असेल तर जाताना ताकद उरत नाही. दोन्हींच्या मधली फट अरुंद आहे.

नवखे इथे हमखास छोटी, कडक स्प्रिंग लावतात, कारण तीच जागेत बसते. तिचं बल सुरुवातीला १.३ असतं आणि ४ मिमी ताणल्यावर ३ न्यूटनवर जातं. दांडा अर्ध्यातच थांबतो. हवी ती लांब आणि मऊ स्प्रिंग: कडकपणा ०.१ न्यूटन प्रति मिमी. मोजायला काही लागत नाही. स्प्रिंग खिळ्याला टांगा, आधी ५० ग्रॅम आणि मग १५० ग्रॅम लावा, दोन्ही वेळची लांबी मोजा. या १०० ग्रॅमच्या फरकाला ती ९ ते ११ मिमी लांबली की बरोबर. एकाच वजनाने मोजू नका. ताणाच्या स्प्रिंगमध्ये मुळातच थोडा ताण भरलेला असतो, तो हिशेब बिघडवतो.

आता एक युक्ती. स्प्रिंग ड्रमवर गुंडाळण्याऐवजी शाफ्टवर ४ मिमीचा एक छोटा क्रँक, म्हणजे आडवा हात, बसवा आणि स्प्रिंग त्याला अडकवा. गार अवस्थेत क्रँक आणि स्प्रिंग यांच्यात ७० अंशांचा कोन असावा, तापून फिरल्यावर १३० अंशांचा. स्प्रिंग ताणत जाते तसं तिचं बल वाढतं, पण शेवटी कोनामुळे तिची पकड घटते. सुरुवातीला स्प्रिंगमध्ये १.४५ न्यूटन ठेवले, तर तारेवर येणारं बल असं पडतं: सुरुवातीला १.३६, मध्यावर १.६३, शेवटी १.४१. कुठेही १.२६ च्या खाली नाही आणि फार वरही नाही. सर्वात वाईट ठिकाणी उरतात ३.१ वजा १.६३, म्हणजे १.४७ न्यूटन, गुणिले ४ मिमी, म्हणजे ५.९ न्यूटन-मिमी. घर्षण वजा जाता ५ हाती लागतात.

हे ५ फक्त जातानाचे. परतताना स्प्रिंगकडे गरजेपेक्षा ०.१ न्यूटनच जास्त आहेत, तेव्हा परतीला शाफ्टवर जवळजवळ काहीच ओझं चालणार नाही. झाकण परतताना कशाला घासत असेल तर दांडा अडकणार. परतीलाही ताकद हवी असेल तर एक तर जाड तार आणि त्याबरोबर कडक स्प्रिंग घ्या, नाहीतर झाकणाचं वजनच परतीच्या बाजूला पडेल असं बसवा.

कप्पी

१३० मिमी तार सरळ ठेवली तर यंत्रणा लांबलचक होते. ती एका टोकाला कप्पीवरून वळवून परत आणायची. कप्पीचा व्यास खोबणीच्या तळाशी १५ मिमी, म्हणजे तार त्यावर २३ ते २४ मिमी टेकते आणि दोन्ही बाजूंचे सरळ भाग ५३ मिमीचे. फायदा असा की तारेची दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात आणि वायरिंग सोपं होतं.

ही कप्पी बेअरिंगवर फिरायलाच हवी. 'तार तर फक्त दोन मिमी सरकते, एक गुळगुळीत पिन चालेल' असं वाटतं, पण चालत नाही. घर्षणांक ०.१५ धरला तरी अर्ध्या वळशात स्थिर पिनवरून पलीकडे फक्त ६२ टक्के ताण पोचतो. म्हणूनच तार नळीभोवती चार-पाच वेढे देऊन गुंडाळायची आणि छोटी यंत्रणा बनवायची, ही आकर्षक दिसणारी कल्पना फसते. घर्षणांक ०.२ असेल तर एका पूर्ण वेढ्यानंतर २८ टक्केच ताण उरतो. आतले वेढे तापतात, पण जागचे हलत नाहीत.

६२३झेडझेड बेअरिंग (३ × १० × ४ मिमी) घ्या. त्यावर डेलरिन म्हणजे ॲसिटल या कडक प्लास्टिकची १५ मिमीची खोबणी असलेली कडी दाबून बसवा. धातूची कप्पी नको: ती शॉर्ट करते आणि तारेची उष्णताही ओढते. डेलरिनची कप्पीसुद्धा थोडी उष्णता घेतेच. तिच्यावर टेकलेला तुकडा उशिरा आणि कमी आखडतो. ते १० मिमी जादा घेतले ते यासाठी.

सामान

९० अंशांची ०.१५ मिमी ॲक्चुएटर तार, २०० मिमी (कापणं-चुकणं धरून). ६२३झेडझेड बेअरिंग ३: एक कप्पीला, दोन शाफ्टला. ३ मिमी स्टीलचा शाफ्ट. डेलरिनचा ड्रम ८ मिमी. ०.२५ चौरस मिमी वायरची फेरूल (वायरच्या टोकावर दाबायची बारीक धातूची नळी) आणि एम३ छिद्राची सर्वात लहान रिंग लग, प्रत्येकी चार. ॲरामिड दोरा, ०.१ न्यूटन/मिमीची स्प्रिंग, एम३ × २० स्क्रू. आयआरएलझेड४४एन मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), १०० ओहम आणि १० किलोओहमचे रोधक, ४.७ ओहम २ वॉटचा रोधक. जुन्या प्रिंटरमधला फोटो इंटरप्टर, म्हणजे मध्ये काही आलं की प्रकाश अडून खूण देणारा सेन्सर.

तार सोडली तर बाकी सगळं पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. बेअरिंग थ्री-डी प्रिंटरचे भाग विकणाऱ्यांकडे असतं. चौकटीसाठी हायलम शीट किंवा १.६ मिमी ग्लास-इपॉक्सी. पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्री-डी प्रिंट केलेली चौकट वापरू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपली तार १०० च्या जवळ जाते. पहिल्या दहा फेऱ्या झकास होतात, मग लगखालचा भाग हळूच खचतो आणि तार सैल का पडली याचा शोध दोन दिवस चालतो.

जोडणी

या तारेला डाग देता येत नाही. तिच्यावरच्या ऑक्साइडला साधा सोल्डर चिकटत नाही, आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्या जागेचं प्रशिक्षणही जातं. दाबूनच जोडायचं, म्हणजे क्रिंप करायचं.

१. तारेची दोन्ही टोकं १० मिमीपर्यंत ६०० नंबरच्या पॉलिश पेपरमध्ये चिमटीत धरून दोन-तीनदा ओढा. काळपट रंग जाऊन चमक आली की पुरे. जास्त घासलं तर तार बारीक होते.

२. टोक ८ मिमीवर दुमडा. दुमडलेल्या भागाबरोबर तांब्याच्या मऊ वायरचे चार-पाच धागे घ्या आणि हे सगळं एकत्र फेरूलमध्ये सारा. प्लास्टिकची कॉलर आधी काढून टाकलेली असावी. तांब्याचे धागे मोकळी जागा भरतात आणि तारेला चावून धरतात. नुसती एकेरी तार घातली तर फेरूल कितीही दाबा, ती दहा-वीस फेऱ्यांत निसटते.

३. फेरूल दोन ठिकाणी दाबा. ज्या तोंडातून तार बाहेर पडते, त्याच्या कडेचा १ मिमी भाग मात्र न दाबता ठेवा. दाबलेल्या फेरूलची धारदार कड तारेवर आली तर तार बरोबर तिथे तुटते.

४. ही फेरूल लगच्या नळीत घाला आणि लग दाबा. सरकत्या टोकाच्या लगमध्ये सिलिकॉन आवरणाची बारीक, लवचीक वायरही सोबत दाबा. दोन फेरूलच्या तोंडांमधलं अंतर १३० मिमी यायला हवं. १ मिमीची चूक चालेल, ३ ची नाही.

५. मल्टिमीटरने रोध मोजा. मीटरच्या वायरींचा रोध वजा जाता ७.१ ते ७.३ ओहम यावा. ८ च्या वर गेला तर क्रिंप कच्चा आहे. पुढे जाऊ नका, पुन्हा करा.

६. स्थिर टोकाची लग एका छोट्या डेलरिनच्या ठोकळ्याला बसवा. हा ठोकळा चौकटीच्या खाचेत सरकतो आणि एम३ स्क्रू त्याला मागे ओढतो. स्क्रूचा एक आटा ०.५ मिमी, म्हणजे ड्रमवर साधारण ७ अंश. हा आकडा लक्षात ठेवा, जुळवताना पदोपदी लागतो.

७. सरकत्या लगच्या छिद्रात ॲरामिड दोरा बांधा. तो ड्रमच्या आडव्या छिद्रातून ओवून गाठ मारा. गाठीवर सुपरग्लूचा थेंब. दोरा ड्रमला स्पर्शरेषेत यावा, तिरपा नाही.

८. दोन स्टॉप लावा. गार बाजूचा शून्य अंशावर, म्हणजे बाहेरून कोणी दांडा ओढला तरी तार जास्त ताणली जाणार नाही. गरम बाजूचा ६५ अंशांवर, फक्त अपघातापुरता. ६० वर फोटो इंटरप्टर, तो दिसला की वीज कमी करायची. इथे साधा मायक्रोस्विच लावू नका. त्याचं बटण दाबायलाच आपला बराचसा टॉर्क खर्च होतो.

गरम तार स्टॉपवर आदळून तशीच तापत राहिली तर तिच्यातला ताण नेहमीच्या १७२ मेगापास्कलच्या कितीतरी वर चढतो आणि ती कायमची लांबते. दांडा मध्येच अडकण्याची शक्यता असेल (उदाहरणार्थ, झडपेत कचरा), तर दोरा आणि ड्रम यांच्यामध्ये एक कडक स्प्रिंग घाला, ३ न्यूटनला उघडायला लागणारी. अडकला दांडा तर ती उघडते, तार वाचते.

वीज

१३० मिमीला ७.१५ ओहम. ०.४१ ॲम्पिअरला सुमारे ३ व्होल्ट आणि १.२ वॉट. सरळ ५ व्होल्ट दिले तर ०.७ ॲम्पिअर वाहतो आणि प्रोग्राम एकदा अडकला की तार गेली. म्हणून पहिल्या यंत्रणेत तारेच्या मालिकेत ४.७ ओहमचा रोधक घाला. मग ५ व्होल्टवर कितीही वेळ चालू राहिलं तरी ०.४२ च्या वर जात नाही. रोधकात सुमारे ०.८ वॉट वाया जातो, जाऊ दे. फ्यूज इथे उपयोगाचा नाही. तारेला मारणारा प्रवाह आणि चालवणारा प्रवाह यांच्यात फ्यूजला कळेल इतका फरकच नसतो.

मॉसफेट तारेच्या खालच्या बाजूला, म्हणजे तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये; त्याच्या गेटला १०० ओहम, गेट ते ग्राउंड १० किलोओहम. हा दुसरा विसरलात तर मायक्रोकंट्रोलर रीसेट होताना गेट तरंगतो आणि दांडा आपोआप फिरतो. दुकानात आयआरएफझेड४४एन पुढे करतील. नाव जवळजवळ सारखं, पण ५ व्होल्टच्या गेटवर तो नीट उघडेल याची खात्री नाही. 'एल' बघून घ्या. तार म्हणजे कॉइल नव्हे, त्यामुळे उलट डायोडची गरज नाही.

पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून तिचं प्रमाण ठरवणं) ५०० ते १००० हर्ट्झ पुरे. क्रम असा: १०० टक्के, इंटरप्टर दिसेपर्यंत, मग धरून ठेवायला ६५ टक्के. तार आखडायला ९८ अंश लागतात, पण सैल व्हायला ७२ च्या खाली जावी लागते, म्हणून धरायला कमी वीज पुरते. ६५ वरून पाच-पाच टक्के उतरवत बघा. दांडा मागे सरकू लागला की एक पायरी वर या. दोन सेकंदांत इंटरप्टर दिसला नाही तर वीज बंद, ही ओळ प्रोग्राममध्ये पहिल्या दिवशीच घाला.

पहिल्या शंभर फेऱ्या

पहिल्यांदा मायक्रोकंट्रोलर लावू नका. बेंच सप्लाय (प्रवाह ठरवता येणारा वीजपुरवठा) स्थिर प्रवाहावर ठेवा, ०.३० ॲम्पिअरपासून ०.०२ ने वाढवत जा आणि दांडा कुठे हलायला लागतो ते बघा. पंखा बंद, पंख्याच्या झोतात हाच आकडा बराच वर जातो. डोळ्यांवर चष्मा असू द्या, तुटलेली तार चाबकासारखी येते.

मग दांड्यावर काहीही ओझं न लावता, फक्त स्प्रिंगवर, शंभर फेऱ्या करा. पाच-सहा सेकंदांना एक. या काळात तार थोडी लांबते आणि शून्य सरकतो. तो बिघाड नाही. त्यानंतर गार तारेवर स्क्रू आवळत जा, ड्रम गार स्टॉपवरून जरासा सुटेपर्यंत, आणि मग एक अष्टमांश आटा सैल करा. स्क्रूने प्रवास वाढत नाही, तो फक्त पुढे-मागे सरकतो. पण तार स्टॉपपाशी सैल पडलेली असेल तर तेवढा प्रवास वाया जातो, आणि कप्पीवरून ती उतरतेही.

शेवटी ओझं. शाफ्टवर २५ मिमीची काडी लावा, टोकाला २० ग्रॅम टांगा. काडी आडवी असताना हे ४.९ न्यूटन-मिमी. वजन जाताना उचललं जाईल अशा बाजूला लावा. मग परतीला तेच मदत करतं.

काय बिघडतं

जाताना ४०-४५ अंशांवर थांबतो: आधी रोध मोजा. तो बरोबर असेल तर स्प्रिंग कडक आहे, किंवा कप्पी फिरत नाही, घासते आहे. कप्पीवर पेनाने एक टिंब काढा आणि ते हलतं का बघा.

परतताना शेवटचे दहा-पंधरा अंश राहतात: स्प्रिंगचं सुरुवातीचं बल कमी, किंवा तार पुरती गार झालेली नाही. फुंकर मारा. लगेच परतला तर उष्णतेचा प्रश्न, डबीला दोन्ही टोकांना छिद्रं पाडा. नाही परतला तर स्प्रिंग किंवा घर्षण. सरकत्या लगची वायर जाड आणि ताठ असली तरी हेच लक्षण दिसतं.

रोज थोडा कमी फिरतो: तार जास्त तापते आहे किंवा स्टॉपवर आदळते आहे. धरण्याची वीज उतरवा. क्रिंप निसटतो आहे का तेही बघा. फेरूलच्या तोंडापाशी तारेवर चमकदार, घासलेला पट्टा दिसतो.

तुटली, तर कुठे तुटली ते बघितल्याशिवाय नवी तार लावू नका. फेरूलच्या तोंडाशी तुटली तर कड दाबली गेली होती. कप्पीवर टेकणाऱ्या भागात तुटली तर व्यास लहान आहे किंवा खोबणीत कापकामाची धार राहिली आहे. बोटाच्या नखाने खोबणीतून एक फेरी मारली की ती लागते. सरळ भागात मध्येच तुटली तर जोडताना तिथे कुठेतरी पिळा पडला होता, म्हणून तार रिळावरून सोडताना रीळ फिरवून सोडायची, बाजूने ओढून काढायची नाही.